नऊ महिन्यांचीच अट का? गोवर, प्रतिपिंडं आणि ऊसतोडीचा हंगाम

आधीच सांगून टाकतो, मी डॉक्टर आहे तो पीएचडीचा, सुईवाला नव्हे. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. मग आज हा विषय का? तर मागच्या व्याख्यानानंतर एक आशाताई थांबल्या होत्या. म्हणाल्या, "सर, टोळी दिवाळीनंतर कारखान्याला निघती. एका बाईचं लेकरू सात महिन्यांचं आहे. ती म्हणती, गोवराची लस आत्ताच द्या, दोन महिन्यांनी आम्ही कुठं असू काय माहीत. नऊ महिनेच का, हे मला तिला पटवून सांगता येत नाही."

"शासनाचा नियम आहे" हे काही उत्तर नव्हे. खरं उत्तर शोधायला थोडं आत जावं लागतं. शरीर प्रतिपिंडं बनवतं कशी, इथपासून.

प्रतिपिंड म्हणजे रक्तात फिरणारं प्रथिन, इंग्रजी वाय अक्षरासारखं. त्याची दोन टोकं विषाणूच्या एखाद्या भागाला नेमकी चिकटतात. गोवराच्या विषाणूला आपल्या पेशीत शिरायला बाहेरच्या बाजूला एक कडी असते. त्या कडीवरच प्रतिपिंड बसलं की विषाणू दारात उभा राहतो, आत येत नाही.

आता प्रश्न असा की, जन्मात कधी न पाहिलेल्या विषाणूला चिकटणारी ही वस्तू शरीर घडवतं कुठून? १९४० साली लायनस पॉलिंग या थोर रसायनतज्ज्ञानं मांडलं की प्रतिपिंड ओल्या मातीसारखं त्या परक्या वस्तूभोवती आकार घेतं. पटण्यासारखं आहे, पण चुकीचं निघालं. १९५५ मध्ये डेन्मार्कच्या नील्स येर्नेनं आणि १९५७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या बर्नेटनं उलटं सांगितलं: आकार आधीच तयार असतात, विषाणू फक्त त्यातला एक निवडतो.

माझ्यासारख्या माणसाचे कान इथं टवकारतात. आपल्याकडे सांख्य म्हणतात, कार्य कारणात आधीच असतं, तिळात तेल असतं तसं. नैयायिक म्हणतात, छे, घडा नवा उत्पन्न होतो, मातीत तो नव्हता. पॉलिंग नैयायिकांच्या बाजूचा, येर्ने सांख्यांच्या. आणि ही माझी ओढाताण नाही बरं का. येर्नेनं स्वतःच पुढे एका लेखात प्लेटोच्या 'मेनो' संवादातला प्रश्न आणला होता, की जे मुळात ठाऊकच नाही ते शिकता येतं का.

मग हे तयार आकार येतात कुठून? हाडांच्या मगजात बी पेशी जन्मतात. प्रत्येक पेशी आपल्या प्रतिपिंडाचा नमुना स्वतःच जुळवते, आणि कसा, तर आपल्याकडच्या वाकळीसारखा. जुन्या लुगड्यांचे तुकडे घ्यायचे आणि जोडायचे. नमुन्याच्या एका भागासाठी एका ढिगातले सुमारे ४० तुकडे, दुसऱ्यातले वीसेक, तिसऱ्यातले ६. प्रत्येक ढिगातून एक उचलायचा. एवढ्यावरच हजारो प्रकार झाले. दुसरा भाग असाच वेगळा जुळतो, शिवाय जोडावर टाके मुद्दाम कमीजास्त पडतात. त्यामुळे कोट्यवधी वाकळी, एकीसारखी दुसरी नाही. जनुकांचे तुकडे असे खरोखर जोडले जातात हे सुसुमु तोनेगावानं १९७६ मध्ये दाखवलं, आणि १९८७ चं नोबेल त्याला मिळालं.

गोवराचा विषाणू श्वासावाटे येतो. पायाला काटा रुतला की जांघेत अवधाण येतं, ते आपण सगळ्यांनी भोगलंय. अशा लसिकाग्रंथी शरीरभर आहेत, आणि त्या या पेशींच्या भेटण्याच्या जागा. तिथं विषाणूचे तुकडे पोचतात. बहुतेक बी पेशी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. ज्या मोजक्यांचा नमुना जुळतो त्या, टी पेशींचा दुजोरा मिळाला की, भराभर वाढतात. पहिली प्रतिपिंडं घाईची. संसर्गानंतर साधारण दोन आठवड्यांनी पुरळ दिसतं, त्याच सुमारास तीही रक्तात दिसू लागतात. गोवराची रक्ततपासणी त्यांनाच शोधते.

पण इथं सांख्यांचा डाव थोडा उलटतो. वाढताना या पेशी आपल्या नमुन्यात मुद्दाम बारीक बदल करतात. बरेचसे बिघडतात, थोडे आधीपेक्षा घट्ट चिकटतात. शेतकरी ज्वारीचं भरलेलं कणीस बियाण्याला बाजूला काढतो, तसे तेवढेच पुढे ठेवले जातात. म्हणजे शेवटी जे प्रतिपिंड तयार होतं ते सुरुवातीच्या साठ्यात नव्हतंच. दोन्ही शास्त्री अर्धे बरोबर! निवडलेल्या पेशींतल्या काही हाडांच्या मगजात बिऱ्हाड करतात आणि वर्षानुवर्षं प्रतिपिंडं सोडत राहतात.

किती वर्षं? १८४६ मध्ये फेरो बेटांवर गोवर आला. त्याआधीची साथ १७८१ ची, मध्ये ६५ वर्षं काही नाही. पीटर पानुम या तरुण डॉक्टरनं पाहिलं की सुमारे ७,८०० वस्तीतले ६,००० आजारी पडले, पण १७८१ मध्ये ज्यांना गोवर निघाला होता त्या म्हाताऱ्यांना पुन्हा झाला नाही. आणि हा विषाणू चेहरा बदलत नाही. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट जी लस बनवते, तिचा मूळ विषाणू १९५४ साली बोस्टनजवळच्या एका शाळकरी मुलाच्या नमुन्यातून मिळवलेला आहे. ती आजही चालते.

"मग गोवर निघूनच जाऊ द्या की, कायमचं काम झालं," असं म्हणणारे अजून भेटतात. माझी आई म्हणायची, गोवरातून उठलेलं पोर वर्षभर किरकिरं राहतं. तिचं बरोबर होतं. हा विषाणू जुन्या आजारांची आठवण धरून ठेवणाऱ्या पेशींमध्येच शिरतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या मुलांच्या अभ्यासात असं आढळलं की गोवरानंतर इतर आजारांविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडं पुसली गेली होती. एक धडा शिकायचा आणि मागची वही फाडायची! लसीतला अशक्त केलेला विषाणू ही वही फाडत नाही.

आता त्या आशाताईंचा प्रश्न. पोटातलं बाळ स्वतः फारशी प्रतिपिंडं बनवत नाही. शेवटच्या तीन महिन्यांत आई वारेतून आपली देते. ही उसनवारी बाळाला जन्मानंतर काही महिने पुरते, मग ओसरत जाते. लसीतला विषाणू जिवंत असतो, आणि बाळाच्या अंगात थोडा वाढला तरच ते शिकतं. आईची प्रतिपिंडं शिल्लक असतील तर ती त्यालाही खरा शत्रू समजून आवरतात, आणि बाळ काही शिकत नाही. म्हणून लवकर दिलेली लस वाया जाण्याचा धोका. उशीर करावा तर मधल्या काळात मूल उघडं. नऊ महिने ही तडजोड आहे. त्या वयात शंभरातली सुमारे ८५ मुलं शिकतात. १६ ते २४ महिन्यांचा दुसरा डोस मुख्यतः उरलेल्यांसाठी असतो.

साथ पेटली तर हिशोब बदलतो. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडीकडे गोवर पसरला, तेव्हा लहान बाळांना जास्त लागण होत असलेल्या भागात सहा महिन्यांपासून एक जादा डोस द्यायला सांगितलं गेलं. पण तो मोजायचा नाही. पुढचे दोन्ही घ्यायचेच.

आता आपल्या जिल्ह्याचं कॅलेंडर त्यावर ठेवून पाहा. फेब्रुवारी ते जूनमध्ये जन्मलेल्या लेकराला नऊ महिने नोव्हेंबर ते मार्चमध्ये पुरे होतात. धारूर, केज, वडवणी, शिरूर कासारचे कोयते तेव्हा सांगली-कोल्हापूरला, नाहीतर थेट कर्नाटकात फडावर. आईची उसनवारी संपलेली, स्वतःची कमाई सुरू नाही, आणि दहा गावांची लेकरं शेजारशेजारच्या कोप्यांत. गोवराला याहून सोयीची जागा कुठली? गावाच्या रजिस्टरवर हे मूल "स्थलांतरित" म्हणून राहतं, कारखान्याकडच्या रजिस्टरवर ते नसतंच. मला तरी यात आईचा निष्काळजीपणा दिसत नाही.

तेव्हा ताई, त्या बाईला सांगा: सातव्या महिन्यात तुझंच रक्त लसीला आड येईल, म्हणून थांबायचं. लसीचं कार्ड पेटीत न ठेवता सोबत न्यायचं. नववा महिना भरला की फडाजवळच्या आरोग्य केंद्रात दाखवायचं. ही लस कुठल्याही गावात, कुठल्याही राज्यात फुकट मिळते. तिथं नाहीच जमलं, तर एप्रिलमध्ये परत आल्याबरोबर. पाच वर्षांपर्यंत राहिलेला डोस देता येतो, आणि एक झालेला असेल तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.