गॅस फायर बसवण्यापूर्वी : भिंत आणि ओटा यांची तयारी

२१ जानेवारी २०२० रोजी सकाळी नेपाळमधील दामन या थंड हवेच्या ठिकाणी एका हॉटेलच्या खोलीत केरळचे आठ पर्यटक बेशुद्धावस्थेत आढळले. त्यांत चार मुले होती. काठमांडूच्या रुग्णालयात नेल्यावर सर्वांना मृत घोषित करण्यात आले. खोलीत ऊब राहावी म्हणून गॅसवर चालणारा हीटर लावलेला होता आणि दारे-खिडक्या आतून बंद होत्या.

ब्रिटनमधील असंख्य घरांच्या दिवाणखान्यांतही हिवाळ्यात गॅसच जळत असतो, आणि तेथेही थंडीमुळे दारे-खिडक्या बंदच असतात. तरीही तेथील रीतसर बसवलेला ‘गॅस फायर’ घरातील माणसांना सहसा अपाय करीत नाही. दामनच्या खोलीतील हीटरमधून निघालेले वायू खोलीतच साठत गेले. गॅस फायरचे वायू पाठीमागच्या भिंतीतील धुराड्यातून घराबाहेर जातात. मात्र ते खरोखरच बाहेर जातात की नाही, हे दुकानातून आणलेल्या उपकरणापेक्षा ते आणण्यापूर्वी भिंतीत आणि जमिनीवर झालेल्या कामावर अधिक अवलंबून असते. नोकरी किंवा शिक्षणासाठी ब्रिटनमध्ये जाऊन जुन्या घरात बिऱ्हाड करणाऱ्या मराठी कुटुंबांनीही हे काम समजून घेतलेले बरे.

ब्रिटनमधील जुनी घरे कोळशासाठी बांधलेली आहेत. प्रत्येक मुख्य खोलीत भिंतीत कोनाडा, त्यात कोळशाची शेकोटी आणि वर छतापर्यंत गेलेले विटांचे धुराडे, अशी त्यांची रचना असते. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पसरलेल्या विषारी धुक्याने हजारो बळी घेतले. त्यानंतर १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला आणि शहरांतील घरांतून कोळसा हळूहळू हद्दपार होऊ लागला. १९६७ ते १९७७ या काळात सारा देश कोळशापासून तयार केलेल्या गॅसवरून उत्तर समुद्रातील नैसर्गिक वायूवर आणण्यात आला. कोळशाच्या जुन्या कोनाड्यांत गॅसची उपकरणे बसू लागली. म्हणजे बिऱ्हाड नवे असले तरी घर जुनेच राहिले, आणि त्या घराच्या भिंतींत कित्येक दशकांची काजळी तशीच होती.

पूर्वीच्या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू मुळातच मिसळलेला असे. नैसर्गिक वायूत तो नसतो, त्यामुळे धोका संपला असा समज सहज होतो. प्रत्यक्षात एक घनमीटर नैसर्गिक वायू पूर्ण जळण्यासाठी सुमारे दहा घनमीटर हवा लागते. ती मिळाली तर कार्बन डायऑक्साईड आणि पाण्याची वाफ तयार होते. हवा अपुरी पडली, किंवा धुराडे तुंबून जळालेले वायू पुन्हा ज्योतीकडे आले, तर कार्बन मोनॉक्साईड तयार होऊ लागतो. त्याला रंग नाही आणि वासही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक घट्टपणे जोडला जातो. म्हणूनच अल्प प्रमाणातही तो घातक ठरतो.

तयारीची सुरुवात धुराड्यापासून होते. त्यात पूर्वी कोळसा किंवा लाकूड जळत असेल तर ते झाडून घ्यावे लागते. शेकोटी बंद असताना वारा अडवण्यासाठी बसवलेली जुनी झडप किंवा आडवा पत्रा काढून टाकावा लागतो, निदान कायमचा उघडा जखडून ठेवावा लागतो. मग कोनाड्यात धूर सोडणारी गोळी पेटवतात. सगळा धूर वर ओढला जाऊन छतावरच्या तोंडातून बाहेर पडला पाहिजे. वरच्या मजल्यावरील निजण्याची खोली आणि माळा यांतही जाऊन पाहणे आवश्यक असते, कारण विटांच्या सांध्यांतील जुना चुना झडला असेल तर धूर तेथे झिरपतो. एकमेकींना चिकटून असलेल्या घरांत मधली भिंत सामाईक असते. तेथे शेजाऱ्याच्या घरातही डोकावावे लागते. आपल्या धुराड्यातील गळतीचा त्रास शेजारच्या घरात झोपलेल्या माणसाला होऊ शकतो.

यानंतरची बाब सर्वांत दुर्लक्षित आहे. भिंतीला टेकून बसणाऱ्या नेहमीच्या गॅस फायरच्या पाठीमागे एक आखूड नळी असते. ती कोनाड्यात शिरते आणि जळालेले वायू तिच्यातून धुराड्यात जातात. या नळीच्या खाली मोकळी जागा ठेवावी लागते. जुन्या धुराड्यातून विटांचे तुकडे, चुन्याची खपली, काजळी आणि पक्ष्यांच्या घरट्यांतील काटक्या वर्षानुवर्षे खाली पडत राहतात. जागा अपुरी असेल तर त्यांचा ढीग नळीच्या तोंडापर्यंत चढतो आणि वायूंची वाट बंद होते. कोळशासाठी वापरलेल्या, आतून अस्तर नसलेल्या धुराड्यात नळीखाली किमान २५० मिलीमीटर खोली आणि एकूण १२ लिटर जागा असावी, असा तेथील दंडक आहे. धुराड्याला अस्तर असेल तर कमी जागा चालते. दुकानात ज्योतीचे रूप, चौकटीचा संगमरवर आणि रिमोट यांची चर्चा तासभर होते. या बारा लिटर रिकाम्या जागेविषयी क्वचितच कोणी विचारतो.

कोनाड्याचे तोंड धातूच्या पातळ पत्र्याने बंद करतात आणि नळी त्या पत्र्यातील छिद्रातून आत जाते. पत्र्याच्या चारही कडा उष्णता सोसणाऱ्या चिकटपट्टीने भिंतीला हवाबंद चिकटवल्या पाहिजेत. कडेला फट राहिली तर धुराडे खोलीतील हवा त्या फटीतूनच ओढते आणि नळीतील वायूंना मिळणारी ओढ कमी होते. पत्र्यात खालच्या बाजूला उत्पादकाने ठेवलेली खाच मात्र बुजवायची नसते. धुराड्याची ओढ योग्य प्रमाणात राहावी म्हणून ती मुद्दाम ठेवलेली असते. चिकटपट्टी धरण्यासाठी भिंत सपाट आणि भक्कम हवी. भुसभुशीत गिलावा, रंगाचे पोपडे आणि वॉलपेपर काढून तेथे नवा गिलावा करावा लागतो आणि तो पूर्ण वाळू द्यावा लागतो. ओल्या गिलाव्यावर लावलेली पट्टी पहिल्याच हिवाळ्यात सुटू शकते.

विटांच्या भिंतीपुढे जिप्समचे तक्ते ठोकून नवी भिंत उभारली असेल, तर तक्ते आणि विटा यांच्यामधील पोकळी कोनाड्याच्या चारही बाजूंनी बुजवणे अत्यावश्यक ठरते. एरवी जळालेले वायू त्या पोकळीत शिरून दुसऱ्याच खोलीत निघू शकतात. शेकोटीभोवतीची लाकडी चौकट किंवा वरची फळी ज्योतीपासून किती दूर असावी, याचे माप उपकरणाच्या पुस्तिकेत दिलेले असते आणि तेच प्रमाण मानावे. जुनी शेगडी काढताना मागे करड्या रंगाचा तक्ता किंवा दोरी दिसली तर ती तोडू नये. ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टॉसवर संपूर्ण बंदी १९९९ मध्ये आली. त्याआधीच्या कामांत ते असण्याची शक्यता असते आणि त्याचे तंतू श्वासात गेल्यास फुप्फुसाचे गंभीर आजार होतात.

शेकोटीच्या खालचा आणि पुढचा न जळणारा ओटा हा या कामाचा दुसरा भाग. तो दगड, काँक्रीट किंवा तत्सम पदार्थाचा असावा लागतो. उघड्या ज्योतीच्या शेगडीसाठी किमान १२ मिलीमीटर जाडी, पुढे ३०० मिलीमीटर आणि दोन्ही बाजूंना १५० मिलीमीटर विस्तार, हे इंग्लंडमधील इमारत नियमांचे सर्वसाधारण माप आहे. ज्योत किंवा तापून लाल होणारा भाग जमिनीपासून २२५ मिलीमीटर वा त्याहून उंच असेल तर ओट्याची सक्ती नाही. ओट्याची कड स्पष्ट कळली पाहिजे, म्हणून तो सभोवतालच्या जमिनीपेक्षा उंच ठेवण्याची पद्धत आहे. त्यामुळे गालिचा पुढे सरकवण्याचा मोह होत नाही आणि घरात खेळणाऱ्या मुलालाही सीमा कळते. जमीन लाकडी असेल तर ओट्याचे वजन ती पेलेल की नाही, हे आधीच पाहून घ्यावे.

कोळशाचा भास देणाऱ्या उघड्या शोभेच्या ज्योती दिसायला मनोहर असल्या तरी त्या खोलीतील बरीच हवा धुराड्यात घालवतात. त्यांच्यासाठी धुराडे अधिक रुंद लागते आणि बाहेरच्या भिंतीत साधारण १०० चौरस सेंटिमीटरचा कायमचा झरोका ठेवावा लागतो. थंड वारा येतो म्हणून पुढे हा झरोका कापडाने किंवा वर्तमानपत्राने बुजवला जातो, आणि केलेली सारी तयारी तेथे वाया जाते.

गिलावा, ओटा आणि झाडलोट ही कामे घरमालक किंवा गवंडी करू शकतो. गॅसची जोडणी मात्र १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांनुसार नोंदणीकृत तंत्रज्ञानेच करावयाची असते. १ एप्रिल २००९ पासून ही नोंदणी ‘गॅस सेफ रजिस्टर’कडे आहे. जोडणीनंतर शेवटची परीक्षा होते. दारे-खिडक्या बंद करून आणि स्वयंपाकघरातील पंखा सुरू ठेवून गॅस फायर काही मिनिटे जळू देतात, आणि त्याच्या वरच्या कडेशी धुराची काडी धरतात. धूर आत ओढला गेला पाहिजे. तो खोलीत परत आला आणि आणखी काही वेळ तापू दिल्यावरही तसेच घडले, तर गॅस बंद करून दोष शोधावा लागतो.

याच नियमांनी ब्रिटनमधील न्हाणीघरात खोलीतील हवा घेऊन जळणारे गॅसचे उपकरण बसवण्यास मनाई केली आहे. तेथे चालते ते फक्त बाहेरची हवा घेऊन बाहेरच वायू सोडणारे बंदिस्त उपकरण. भारतात गॅस गिझर अनेक घरांत नेमका न्हाणीघरातच, एका लहान झरोक्याच्या भरवशावर टांगलेला असतो, आणि त्यामुळे झालेल्या मृत्यूंच्या बातम्या महाराष्ट्रातही हिवाळ्यात येत असतात. गिझर बाहेरच्या मोकळ्या सज्जात बसवून आत केवळ गरम पाण्याची नळी आणणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

घरातील सर्वांना एकाच वेळी डोकेदुखी, मळमळ किंवा चक्कर येणे आणि बाहेर पडताच बरे वाटणे, हे कार्बन मोनॉक्साईडचे लक्षण असू शकते. अशा वेळी गॅस बंद करून, दारे-खिडक्या उघडून सर्वांनी बाहेर पडावे आणि वैद्यकीय मदत घ्यावी. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२२ पासून भाड्याच्या घरातील अशा उपकरणाच्या खोलीत कार्बन मोनॉक्साईडची सूचना देणारा गजर बसवणे घरमालकावर बंधनकारक आहे. तेथील भाडेकरूने गॅसच्या वार्षिक तपासणीचा दाखला मागून घ्यावा आणि तपासणीच्या वेळी गॅस फायर भिंतीपासून काढून नळीखालची जागा साफ करण्यात आली का, हेही विचारावे.