नावाड्याच्या खिशातला वाटाड्या

अनोळखी गावात गेल्यावर मोबाइलमध्ये रस्ता शोधणारी माणसे तुम्ही पाहिली असतील. निळा ठिपका पुढे सरकत जातो आणि वळण आले की फोन बोलतो. पण जो माणूस नाव घेऊन नदीतून निघाला आहे, त्याचे काय? त्याला वळणे विचारायची नसतात. नदी नेईल तिकडेच तो जाणार! त्याचे प्रश्न निराळे असतात. पुढच्या पुलाखालून माझी नाव जाईल का? आज पाण्याला ओढ किती आहे? रात्री नाव कोठे बांधावी? पिण्याचे पाणी कोठे मिळेल?

या प्रश्नांची उत्तरे देणारे एक मोफत ॲप तयार करायचे आणि ते सर्वांच्या फोनवर पोहोचवायचे, असे कोणी ठरवले तर त्याला काय काय करावे लागेल? ते समजण्यासाठी आपण इंग्लंडमधील थेम्स नदीचे उदाहरण घेऊ. या नदीवर हौसेने नाव चालवणारे लोक पुष्कळ आहेत. शिवाय नदीची माहितीही बारकाईने नोंदलेली आहे.

थेम्स नदीची लांबी सुमारे ३४६ किलोमीटर आहे. ऑक्सफर्ड, रेडिंग, विंडसर ही गावे मागे टाकून ती लंडन शहरातून वाहत जाते आणि समुद्राला मिळते. वाटेत ठिकठिकाणी बंधारे घालून पाणी अडवले आहे. बंधाऱ्यावरून नाव जाऊ शकत नाही. गेली तर उलटते. म्हणून बंधाऱ्याच्या शेजारी नावांसाठी ‘लॉक’ बांधलेले असते. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला मोठा हौदच. नाव आत आली की दरवाजा बंद करतात. मग झडपा उघडून हौदातले पाणी वाढवतात किंवा कमी करतात. पाण्याबरोबर नावही वर चढते किंवा खाली उतरते. मग पुढचा दरवाजा उघडतो. लेचलेड या गावापासून टेडिंग्टनपर्यंत अशी ४४ लॉक आहेत.

आता कल्पना करा. पुढे नदी दोन फाट्यांत विभागली आहे. एक फाटा लॉककडे जातो, दुसरा बंधाऱ्याकडे. नवखा नावाडी कोणत्या बाजूला वळेल? वाटाड्याची खरी गरज येथे असते.

टेडिंग्टनला आणखी एक गंमत आहे. तेथपर्यंत थेम्स ही साधी नदी असते. त्याच्या खाली समुद्राची भरती-ओहोटी नदीत शिरते. लंडनमध्ये दिवसातून दोनदा पाणी चढते आणि उतरते, आणि हा फरक काही दिवशी ७ मीटरपर्यंत जातो. तुमच्या उर्दूत ‘दर्या’ म्हणजे नदी. मराठीत मात्र ‘दर्या’ म्हणजे समुद्र. टेडिंग्टनच्या खालची थेम्स दोन्ही अर्थांनी दर्या आहे! तेथे कारभारही बदलतो. वरच्या भागावर एन्व्हायर्नमेंट एजन्सी ही सरकारी संस्था लक्ष ठेवते. खालचा भाग पोर्ट ऑफ लंडन अथॉरिटीकडे असतो. ही संस्था १९०९ साली स्थापन झाली. ॲप करणाऱ्याला दोघांचेही नियम द्यावे लागतील. वरच्या भागात ताशी ८ किलोमीटरपेक्षा अधिक वेगाने नाव चालवता येत नाही. शिवाय इंग्लंडमध्ये मोटारी आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, पण नदीवर नावांनी उजवी बाजू धरायची असते. हे ज्याला कोणी सांगितले नाही, तो पहिल्याच दिवशी समोरच्या नावेवर आदळेल.

नावाड्यांसाठी माहिती गोळा करण्याचे काम नवे नाही. १८७२ साली ऑक्सफर्डचे छायाचित्रकार हेन्री टाँट यांनी थेम्सचा नकाशा पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. (‘नकाशा’ हा शब्द तुम्हाला परका वाटणार नाही. तो तुमच्या ‘नक्शा’चाच भाऊ आहे.) टाँट यांनी नदीची मोजणी स्वतः केली होती. त्यांचे पुस्तक कोणाच्याही हातात उघडत असे. वाचता येणे एवढीच अट होती.

ॲपचे तसे नसते. प्रत्येक फोनच्या आत त्याची कार्यप्रणाली असते आणि तिला तिचीच भाषा कळते. ‘पुढे बंधारा आहे, सावध!’ हे वाक्य घ्या. देवनागरीत ते डावीकडून उजवीकडे लिहितात. तुम्ही ते उर्दू लिपीत लिहिले तर ते उजवीकडून डावीकडे जाईल. अर्थ एकच असेल, पण ज्याला एकच लिपी येते, त्याला दुसऱ्या लिपीतला इशारा डोळ्यांसमोर असूनही समजणार नाही. आयफोनसाठी केलेले ॲप अँड्रॉइड फोनला नेमके असेच वाटते. माझ्या एका सहकारी शिक्षकांनी मोठ्या कौतुकाने एक ॲप दाखवले, आणि मी माझ्या स्वस्त फोनवर ते शोधत बसले. ते तेथे नव्हतेच! माझे नुकसान काही झाले नाही. पण बंधाऱ्याकडे निघालेल्या नावेत तोच अनुभव आला तर?

आयफोन २००७ साली आला. २००८ च्या जुलै महिन्यात त्याचे ॲपचे दुकान उघडले, आणि ऑक्टोबरमध्ये अँड्रॉइडचे. त्या वेळी नोकिया आणि ब्लॅकबेरी यांचे फोनही जोरात होते. २०१० मध्ये विंडोज फोनची भर पडली. त्या काळात एकच वाटाड्या सर्वांपर्यंत न्यायचा तर तो चार-पाच वेळा नव्याने लिहावा लागे. फुकट काम करणाऱ्याला ते कसे परवडणार? बहुतेकजण एक फोन निवडत आणि बाकीच्यांना सोडून देत. आज मुख्यतः दोनच कार्यप्रणाली उरल्या आहेत. ब्लॅकबेरीच्या जुन्या फोनांच्या सेवा तर ४ जानेवारी २०२२ रोजी बंद झाल्या.

दोनच उरल्या, तरी काम दुप्पट होऊ नये म्हणून हुशार कारागीर एक युक्ती करतो. लॉक, पूल, नळ आणि नाव बांधण्याच्या जागा यांची सारी माहिती तो एका वेगळ्या यादीत ठेवतो. दोन्ही ॲप तीच यादी वाचतात. एखादा नळ बंद पडला तर दुरुस्ती एकदाच करावी लागते. आता अशी साधनेही मिळतात की ॲप एकदाच लिहिले तर दोन्ही फोनांवर चालते. गूगलचे ‘फ्लटर’ हे त्यांपैकी एक आहे. त्याची पहिली पक्की आवृत्ती २०१८ च्या डिसेंबरमध्ये आली. तरीही प्रत्यक्ष तपासणी दोन्ही प्रकारच्या फोनांवर करावीच लागते. एकावर ठळक दिसणारा इशारा दुसऱ्याच्या लहान पडद्यावर अर्धा कापला जाऊ शकतो. नावेत बोटे ओली असतात, पाण्यावरून ऊन डोळ्यांत येते. म्हणून अक्षरे मोठी हवीत, आणि बोट ठेवण्याची जागा निदान ९ मिलिमीटर तरी हवी.

नदीकाठी सगळीकडे मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही. मग निळा ठिपका कसा दिसेल? याचे उत्तर सोपे आहे. आपण कोठे आहोत हे फोनला आकाशातील उपग्रहांच्या संदेशांवरून कळते. त्यासाठी रेंज लागत नाही. पण ठिपक्याखालचा नकाशा आधीपासून फोनमध्ये साठवलेला नसेल, तर ठिपका कोऱ्या पडद्यावर तरंगत राहील! नकाशा साठवायचा तर जागा लागते. नकाशा लहान लहान चौकोनांत कापलेला असतो. तो एक पायरी मोठा करून पाहायचा, तर चौकोनांची संख्या चौपट होते. पाच पायऱ्या चढलात तर एका चौकोनाचे १०२४ चौकोन झाले. म्हणून सगळ्या इंग्लंडचा नकाशा घेत नाहीत. नदीच्या दोन्ही काठांची अरुंद पट्टी तेवढी घेतात. हा नकाशा विकत घ्यावा लागत नाही. ब्रिटनमध्ये २००४ साली सुरू झालेला ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा नकाशा लोकांनीच तयार केला आहे. त्याचे नाव दिले की तो वापरता येतो.

उपग्रहाचा अंदाज उघड्या आकाशाखाली सुमारे ५ मीटर इकडे-तिकडे असू शकतो. पुलाखाली आणि उंच इमारतींजवळ तो आणखी चुकतो. तेव्हा ठिपक्याकडे पाहून अरुंद लॉकमध्ये नाव घालणे वेडेपणाचे आहे. ठिपका फक्त ‘लॉक जवळ आले’ एवढे सांगतो.

आता पुलाचे गणित पाहा. ऑक्सफर्डचा ऑस्नी पूल फार ठेंगणा आहे. पाणी नेहमीच्या पातळीवर असताना त्याच्याखाली सुमारे २.३ मीटर उंची मिळते. तुमच्या नावेची पाण्यावरची उंची २.१ मीटर असेल तर २० सेंटिमीटर शिल्लक राहतात. पण पावसाने पाणी ३० सेंटिमीटर चढले तर? नाव अडकेल. म्हणून ॲपने नुसता ‘२.३’ हा आकडा दाखवणे पुरेसे नाही. तो नेहमीच्या पातळीचा आहे हेही शेजारीच लिहावे लागते. पाणी वाढू लागले की लॉकवर पिवळी पाटी लावतात. प्रवाह जोराचा झाला की लाल पाटी लागते. फोन काहीही म्हणो, लाल पाटी असली तर नाव बांधून ठेवायची. हे वाक्य ॲपच्या पहिल्याच पानावर हवे.

ॲप तयार झाले, आता ते दुकानात ठेवायचे. मोफत ॲप घेणाऱ्याला पैसे पडत नाहीत; देणाऱ्याला मात्र पडतात. ॲपल दरवर्षी ९९ डॉलर घेते. काही देशांतल्या सेवाभावी आणि शैक्षणिक संस्थांना ती सूट देते. गूगल एकदाच २५ डॉलर घेते. पण २०२३ च्या नोव्हेंबरपासून गूगलने एक नवा नियम केला. स्वतःच्या नावाने नवे खाते उघडणाऱ्याने आधी निदान २० लोकांकडून सलग १४ दिवस ॲप वापरून घ्यावे, असा तो नियम होता. पुढच्या वर्षी ही संख्या १२ केली. हौशी माणसाला हा जाच वाटतो. मला मात्र हा नियम पटतो. नदीकाठचे बारा नावाडी दोन आठवडे ॲप वापरतील तर कितीतरी चुका आधीच सापडतील.

नवी आवृत्तीही एकदम सर्वांना देत नाहीत. ॲपलच्या दुकानात ती सात दिवसांत थोडी थोडी देण्याची सोय आहे. पहिल्या दिवशी शंभरात एकाला, मग दोघांना, मग पाच जणांना, अशी ती वाढत जाते. काही बिघडले तर मध्येच थांबवता येते.

खरी अडचण पुढे येते. थेम्सवरील काही लॉक हिवाळ्यात दुरुस्तीसाठी बंद ठेवतात. कोणाच्या फोनात जुनी आवृत्ती असेल तर तिच्यात ते लॉक उघडेच दिसेल. कागदी पुस्तकावर छापल्याचे वर्ष असते, म्हणून वाचणारा सावध राहतो. फोनचा पडदा मात्र नेहमी ताजा वाटतो. म्हणून प्रत्येक लॉकच्या माहितीखाली ती कोणत्या तारखेची आहे, हे लिहिले पाहिजे. शिवाय ‘चूक कळवा’ असे एक बटण हवे. समजा, एखाद्या संध्याकाळी कोणी नावाडी लिहितो, ‘या लॉकजवळचा पाण्याचा नळ आता दुसऱ्या काठावर नेला आहे.’ ॲप सांभाळणारा आधी खात्री करून घेतो. मग यादीतली ती एक ओळ बदलतो आणि तिच्यापुढे नवी तारीख घालतो. नाव रेंजमध्ये आली की दोन्ही प्रकारच्या फोनांवर तो नळ पलीकडच्या काठावर दिसू लागतो.