इंजिनाची श्वासनलिका

मोटारीला पेट्रोल लागते, हे लहान मुलांनाही ठाऊक असते. परंतु एक किलोग्रॅम पेट्रोल नीट जाळावयाचे तर सुमारे पावणेपंधरा किलोग्रॅम हवा लागते, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. पेट्रोल द्रवरूप असल्याने ते हवे तेवढे आत सोडणे सोपे. हवा मात्र इंजिनाला स्वतःच ओढून घ्यावी लागते; आणि किती हवा ओढली गेली यावरच त्याची शक्ती अवलंबून असते. म्हणून इंजिनाची शक्ती वाढविण्याची धडपड ही बहुतांशी त्याचा श्वास मोकळा करण्याची धडपड असते.

पाच लिटर क्षमतेचे आठ सिलिंडरांचे इंजिन दर मिनिटास ५,००० फेरे घेत असेल, तर त्याचे सिलिंडर पूर्ण भरावयास दर मिनिटास १२,००० लिटरांहून अधिक हवा हवी. तीन मीटर लांब, तेवढीच रुंद आणि तेवढीच उंच खोली असे इंजिन सव्वादोन मिनिटांत रिकामी करील. प्रत्येक सिलिंडरात दट्ट्या एकदा खाली जाण्यास लागणारा वेळ अवघा सहा सहस्रांश सेकंद. एवढ्या अवधीत हवा फिल्टर, थ्रॉटल, नळ्या आणि झडप ओलांडून आत शिरली पाहिजे. थ्रॉटलपासून प्रत्येक सिलिंडरच्या झडपेपर्यंत हवा वाटून नेणाऱ्या नळ्यांच्या ओतीव जोडणीस इनटेक मॅनिफोल्ड म्हणतात. शक्ती वाढवू पाहणारा हौशी मोटारमालक बहुधा प्रथम याच भागाकडे वळतो. हा भाग बाहेरून बोल्टांनी बसविलेला असतो, इंजिन पूर्ण न उघडता तो बदलता येतो, आणि विक्रेत्यांच्या सूचिपत्रांत त्याची चित्रे मोठी आकर्षक असतात. पैसे वाया जाण्याचा धोकाही येथेच अधिक.

नळी जितकी आखूड आणि रुंद, तितकी हवा अधिक जाईल, असे वरवर पाहता वाटते. हे खरे असते तर मॅनिफोल्डची निवड हा विचार करण्याजोगा प्रश्नच उरला नसता. पण नळीतली हवा संथपणे वाहत नाही. ती धक्क्याधक्क्याने चालते. झडप उघडून दट्ट्या खाली गेला की नळीत कमी दाबाची एक लहर उठते व ध्वनीच्या वेगाने, म्हणजे सेकंदास सुमारे ३४० मीटर या गतीने, नळीच्या दुसऱ्या टोकाकडे धावते. तेथे सर्व नळ्यांना हवा पुरविणारी एक सामाईक पेटी असते. नळीच्या उघड्या तोंडाशी पोहोचताच लहर उलटते आणि अधिक दाबाची लहर होऊन माघारी येते. झडप मिटण्यापूर्वी ती परत पोहोचली, तर जाता जाता आणखी थोडी हवा सिलिंडरात ढकलते. उशिरा आली, तर मिटलेल्या दारावर आपटून फुकट जाते. बासरीची लांबी तिचा स्वर ठरविते. तद्वत मॅनिफोल्डच्या नळ्यांची लांबी इंजिन कोणत्या वेगाला सर्वांत चांगला श्वास घेईल हे ठरविते. लांब नळी मंद वेगाला अनुकूल, आखूड नळी जलद वेगाला.

या नियमाचे एक ठसठशीत उदाहरण अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीने १९६० साली रस्त्यावर आणले. तिच्या ३००-एफ या गाडीच्या ४१३ घन इंची इंजिनावर सुमारे ३० इंच लांबीच्या नळ्या आडव्या पसरल्या होत्या. त्या इतक्या लांब होत्या की, डाव्या बाजूच्या सिलिंडरांचा कार्ब्युरेटर उजवीकडे आणि उजव्या बाजूच्यांचा डावीकडे बसवावा लागला. ३० इंचांचा, म्हणजे सुमारे ७६ सेंटिमीटरांचा हा मार्ग जाऊन येऊन तोडण्यास लहरीला साडेचार सहस्रांश सेकंदांच्या आसपास वेळ लागतो. या इंजिनाचा चाके फिरविणारा जोर, म्हणजे टॉर्क, २,८०० फेऱ्यांच्या सुमारास शिगेला पोहोचे. शक्ती होती ३७५ अश्वशक्ती. त्याच वर्षी मोजक्या गाड्यांसाठी दुसरा प्रकार निघाला. त्यात नळ्या बाहेरून तशाच दिसत, परंतु आतली भिंत कापून त्यांची उपयुक्त लांबी निम्मी, म्हणजे १५ इंच केली होती. ही शक्ती ४०० अश्वशक्ती झाली. पण टॉर्कचे शिखर ३,६०० फेऱ्यांकडे सरकले आणि ते ठेंगणेही झाले. इंजिनाच्या इतर भागांतही बदल होते, म्हणून सगळा फरक नळ्यांच्या नावावर टाकता येणार नाही. तथापि व्यवहाराचे स्वरूप स्पष्ट दिसते. वरच्या वेगाला जे मिळाले, त्याची किंमत खालच्या वेगाला मोजावी लागली.

आता खिशाचा प्रश्न. त्यासाठी फोर्ड कंपनीच्या मस्टँग गाडीचे उदाहरण घेणे सोयीचे आहे. १९८६ ते १९९३ या काळात विकल्या गेलेल्या तिच्या पाच लिटर इंजिनाच्या गाड्या अमेरिकेतील हौशी मंडळींच्या फार आवडीच्या. ३०२ घन इंचांचे हे इंजिन, इंधन इंजेक्टरांनी फवारणारे, मजबूत आणि सुट्या भागांच्या दृष्टीने सोयीचे. मात्र त्याचा मूळ मॅनिफोल्ड काहीसा अरुंद होता. फोर्डने स्वतःच यावर उपाय काढला. जीटी-४० या नावाचा अधिक मोकळा मॅनिफोल्ड तयार झाला व १९९३ च्या मस्टँग कोब्रा या खास गाडीवर तशाच घडणीचा ओतीव मॅनिफोल्ड बसला. हे नाव १९६६ पासून सलग चार वर्षे ल मान्सची शर्यत जिंकणाऱ्या फोर्डच्या गाडीचे. पुढे १९९६ ते २००१ या वर्षांत एक्सप्लोरर या वजनदार कुटुंबी गाडीच्या पाच लिटर इंजिनावरही याच जातीचा मॅनिफोल्ड आला. शर्यतीचे नाव मिरविणारा भाग अशा रीतीने शाळेत मुले पोहोचविणाऱ्या आणि बाजारहाट करणाऱ्या गाडीच्या बॉनेटखाली जाऊन बसला!

काटकसरी माणसाला हाच योग उपयोगी पडला. एक्सप्लोरर गाड्या मोठ्या संख्येने विकल्या गेल्या, म्हणून मोडीतही मोठ्या संख्येने आल्या. खास उत्पादकांचा नवा मॅनिफोल्ड घेण्याऐवजी भंगाराच्या आवारातून एक्सप्लोररचा मॅनिफोल्ड काढून आणणे, ही वाट मस्टँगवाल्यांत रुळली. तो मस्टँगच्या मूळ बॉनेटखाली मावतो. कित्येक उंच मॅनिफोल्ड मावत नाहीत आणि मग बॉनेटही बदलावे लागते. त्याच्या थ्रॉटलचा व्यास ६५ मिलीमीटर आहे, मूळचा सुमारे ६०. पाच मिलीमीटर म्हणजे क्षुल्लक असे वाटेल, परंतु हवेला मिळणारी वाट क्षेत्रफळाने मोजावयाची असते आणि ते जवळजवळ एक षष्ठांशाने वाढते. मुख्य म्हणजे नळ्या मोकळ्या झाल्या तरी त्यांची लांबी शर्यतीच्या मॅनिफोल्डसारखी आखूड झालेली नाही.

हा शेवटचा मुद्दा निर्णायक मानावयास हवा. त्या काळच्या पुष्कळशा मस्टँग गाड्यांना मागच्या आसाचे गुणोत्तर २.७३ असे होते. हाताने गिअर बदलण्याच्या गाडीत पाचव्या गिअरचे गुणोत्तर ०.६८. हिशेब केला असता, ताशी १०० किलोमीटर वेगाने जाताना इंजिन जेमतेम १,५०० फेरे घेते असे दिसते. अशा गाडीवर ६,५०० फेऱ्यांना रंगात येणारा आखूड नळ्यांचा मॅनिफोल्ड चढविला, तर मालकाला त्याचे सुख आठवड्यातून दोनचार सेकंद मिळेल, आणि उरलेला सारा वेळ सिग्नलवरून निघताना गाडी पूर्वीपेक्षा मंद झाल्याची जाणीव होत राहील. सूचिपत्रात छापलेला आकडा बहुधा सर्वोच्च शक्तीचा असतो. ती किती फेऱ्यांना मिळते हे बारीक अक्षरांत असते. खरेदी करणाऱ्याने वाचावयाची ती बारीक अक्षरे.

मॅनिफोल्ड एकट्याने किती काम करतो, याचाही अंदाज आधीच बांधला पाहिजे. १९९३ साली मस्टँग जीटीची शक्ती २०५ अश्वशक्ती आणि कोब्राची २३५ अशी जाहीर झाली होती. हा तीस अश्वशक्तींचा फरक मॅनिफोल्डने केला असे सांगणारे विक्रेते भेटतात. ते खरे नव्हे. कोब्राची हेडेही जीटी-४० प्रकारची होती, इंजेक्टर मोठे होते, झडपा अधिक उघडत होत्या. साध्या मस्टँगच्या हेडमधील शोषण-झडपेचा व्यास १.७८ इंच, जीटी-४० हेडमध्ये १.८४ इंच. दार अरुंद ठेवून केवळ ओसरी रुंद केली, तर गर्दी ओसरीतच थांबणार. जुन्या हेडांवर नवा मॅनिफोल्ड बसविल्यास फायदा होतो, पण माफक; पुढे हेडे बदलली म्हणजे त्याच मॅनिफोल्डचे खरे मोल दिसू लागते. पैसे थोडे असले तर कामे कोणत्या क्रमाने करावयाची हे ठरविण्यास ही माहिती पुरेशी आहे.

हेडांच्या बाबतीत एक सापळाही आहे. नंतरच्या एक्सप्लोररवर जीटी-४०-पी प्रकारची हेडे येत. ती चांगली आहेत, स्वस्तही मिळतात. पण त्यांत स्पार्क प्लगचा कोन निराळा आहे. मस्टँगसाठी केलेल्या पुष्कळशा एक्झॉस्ट नळ्या त्या प्लगांच्या आड येतात, आणि स्वस्त हेडांपायी नव्या नळ्यांचा खर्च अंगावर पडतो.

भंगारातून मॅनिफोल्ड घेताना तो सगळा घ्यावा. तो दोन भागांचा असतो: वरची पेटी व नळ्या, आणि दोन हेडांच्या खाचेत बसणारा खालचा भाग. दोन्ही भाग, थ्रॉटल आणि बोल्ट एकत्र मिळाले तर उत्तम. बोल्ट निरनिराळ्या लांबीचे असतात आणि मागाहून ते शोधत बसणे कंटाळवाणे होते. थ्रॉटलची दोरी धरणारा कंस मस्टँगच्या दोरीशी जसाच्या तसा जुळत नाही, म्हणून त्याची तजवीज आधी करावी. मग तपासणी. खालच्या भागातून इंजिन थंड ठेवणारे पाणीही जाते. त्या वाटांभोवती ॲल्युमिनियम खाऊन गेले आहे का, ते नखाने खरवडून पाहावे. बसणीच्या पृष्ठभागावर सरळ पोलादी पट्टी धरून तिच्याखाली फीलर गेजची पाती शिरते का, हे पाहावे. बोल्टांच्या भोकांचे आटे झिजलेले नसावेत. मागच्या मालकाने घाईने काढताना पटाशीने उचकटलेला मॅनिफोल्ड फुकट मिळाला तरी महागच पडतो.

बसविण्याच्या कामात कौशल्यापेक्षा शिस्त अधिक लागते. जुना मॅनिफोल्ड उचलण्यापूर्वी पाणी काढून टाकले नाही, तर ते खाली इंजिनात उतरून तेलात मिसळते. त्या चुकीत बेअरिंगे गेल्याची उदाहरणे कोणत्याही जुन्या मिस्त्रीकडे ऐकावयास मिळतील. जुन्या गॅस्केटचे तुकडे खरवडताना हेडांच्या मार्गांत स्वच्छ कापड कोंबून ठेवावे, आणि शेवटी ते मोजून बाहेर काढावे. नवी गॅस्केटे घ्यावीत. येथे काटकसर नको. बोल्ट मधून कडेकडे, दोनतीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने आवळतात. कोठे फट राहिली तर मोजमाप न झालेली हवा आत शिरते, रिकामे चालणारे इंजिन खालीवर होऊ लागते व बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. अशा वेळी नवा मॅनिफोल्ड नापसंत करण्यापूर्वी फट शोधावी.

कायद्याचाही विचार हवा. कॅलिफोर्नियात धुराशी संबंध येणारा बदललेला भाग रस्त्यावर वापरावयाचा तर तेथील वायुमंडळाची सूट त्या भागास मिळालेली असावी लागते. भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने, नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाहून निराळा ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही.

काम पुरे झाल्यावर फायदा झाला की नाही, हे कानाने ठरवू नये. मोकळ्या मॅनिफोल्डचा आवाज भारदस्त असतो, आणि भारदस्त आवाजाची गाडी चालकाला नेहमीच वेगवान वाटते. डायनॅमोमीटर मिळाला तर त्यावर मोजावे. न मिळाल्यास बंद मैदानावर किंवा शर्यतीच्या पट्ट्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये, ताशी ५० पासून १०० किलोमीटरपर्यंत जाण्यास किती सेकंद लागतात हे घड्याळावर पाहावे. जाताना तीन वेळा आणि उलट दिशेने तीन वेळा, म्हणजे वारा व चढउतार यांचा परिणाम सरासरीत जिरतो. हीच मोजणी जुना मॅनिफोल्ड काढण्यापूर्वी, शक्यतो सारख्याच हवेत, करून ठेवलेली असली पाहिजे. थंड हवा दाट असते, आणि एखादी गार पहाटही काही अश्वशक्ती पदरात टाकून जाते. दोन्ही वेळचे आकडे शेजारीशेजारी लिहून होईपर्यंत जुना मॅनिफोल्ड विकून टाकू नये.