माहितीची राखण आणि राखणदारांची बिरादरी

कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर आला की तो बोनस, महागाई आणि कंत्राटी पद्धत यांवरच बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आणि ती फारशी चुकीचीही नसते. आजचा विषय मात्र एका नव्या धंद्याचा आहे. गेली काही वर्षे युनियनच्या कचेरीत येणारे सभासद पगारवाढीच्या जोडीने हमखास विचारतात, "भाऊ, मुलगा सायबर सिक्युरिटीत जायचे म्हणतो. क्लासवाले दीडदोन लाख मागतात. भरू का?" कर्ज काढून भरायचे हे पैसे असतात. म्हणून या प्रश्नाला वरवरचे उत्तर देऊन चालत नाही.

प्रथम हा धंदा काय आहे ते पाहू. आपले बँकेचे खाते घ्या. त्यात किती शिल्लक आहे हे तिऱ्हाइताला कळू नये, तिथला आकडा आपल्यामागे कोणी बदलू नये आणि आपण मागायला गेलो की आपले पैसे मिळावेत, एवढीच आपली अपेक्षा असते. गुप्तता, अभंगता व उपलब्धता ही या तीन अपेक्षांची शास्त्रीय नावे होत. खातेवही कपाटात होती तोवर कुलूप आणि पहारेकरी एवढ्यावर भागत असे. आता वही संगणकात गेली आणि संगणक साऱ्या जगाशी जोडला गेला. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेत काय घडले ते आपणांपैकी अनेकांना आठवत असेल. एटीएमवर कार्ड घातले की पैसे द्यावेत की नाही, ही विचारणा बँकेच्या यंत्रणेकडे जाते. चोरांनी वाटेतच आपली खोटी यंत्रणा उभी केली आणि ती प्रत्येक विचारणेला होकार देत सुटली. नकली कार्डे घेतलेली माणसे २८ देशांतल्या एटीएमपाशी उभी होतीच. त्यात हाँगकाँगला परस्पर पाठवलेली रक्कम धरून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. तिजोरीच्या दाराला कोणी हातही लावला नव्हता.

असल्या चोरीच्या वाटा आधी शोधून बुजवणे, चोरी चालू असताना ती ओळखणे आणि झाल्यावर माग काढणे, एवढे मिळून हा धंदा होतो. कोणी मालकाच्या लेखी परवानगीने त्याच्याच यंत्रणेवर हल्ला चढवून भगदाडे दाखवतो; कोणी हिशेबतपासनिसासारखा नियमांचे पालन तपासतो; कोणी तीन पाळ्यांत पडद्यासमोर बसून धोक्याचे इशारे चाळतो. नवख्याच्या वाट्याला बहुधा हे पाळीचेच काम येते. याला मागणी आहे, कारण कायद्याचा धाक वाढला आहे. असा हल्ला झाल्यास सहा तासांच्या आत 'सर्ट-इन' या सरकारी संस्थेला कळवावे, असा आदेश एप्रिल २०२२ मध्ये निघाला. आणि लोकांची माहिती नीट न राखणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड करण्याची तरतूद २०२३ च्या कायद्यात आहे.

आता शिकायचे कसे? एका इंग्रज पोराची हकीकत सांगतो. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातला हा मार्कस हचिन्स विद्यापीठात गेला नाही. घरी बसून, चोरांनी लिहिलेले कार्यक्रम उलगडून पाहणे आणि जे समजले ते टोपणनावाने इंटरनेटवर लिहिणे, हा त्याचा नाद. ते लेखन वाचूनच एका अमेरिकन कंपनीने त्याला नोकरी दिली. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा विषाणू पसरला. संगणकातील कागदपत्रे कुलूपबंद करून तो खंडणी मागत असे. इंग्लंडमध्ये इस्पितळे चालवणाऱ्या सुमारे ८० सरकारी संस्थांचे काम विस्कळीत झाले, रोग्यांना परत पाठवावे लागले. हचिन्स त्या आठवड्यात रजेवर होता. ओळखीच्या दुसऱ्या अभ्यासकाने त्याला विषाणूचा नमुना दिला. तो तपासताना त्याला दिसले की, हा विषाणू एका विचित्र, कोणीही न घेतलेल्या पत्त्याची चौकशी करतो. त्याने दहाअकरा डॉलर भरून तो पत्ता स्वतःच्या ताब्यात घेतला; आणि त्या पत्त्यावरून उत्तर मिळू लागताच विषाणूने पसरणे थांबवले. असे होईल हे त्यालाही ठाऊक नव्हते. इतर अभ्यासकांनी पडताळून पाहिले तेव्हा खात्री पटली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लास व्हेगास येथील 'डेफ कॉन' मेळाव्याहून परतताना त्याला अटक झाली. विशीच्या आत असताना त्याने बँकेच्या खातेदारांना लुबाडणारा कार्यक्रम लिहून दिला होता, आणि ते खरे होते. हा मेळावा १९९३ पासून भरतो. तिथल्याच ओळखीच्या लोकांनी धावपळ करून त्याचा ३० हजार डॉलरचा जामीन भरला. २०१९ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला. न्यायाधीशाने भोगलेली कोठडी पुरेशी मानून एक वर्षाच्या देखरेखीवर त्याला सोडले.

ही हकीकत मी मुद्दाम दोन्ही बाजूंनी सांगितली. या धंद्यात चोराचे आणि राखणदाराचे हत्यार एकच असते. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४३ मालकाच्या परवानगीविना संगणकात शिरण्याला मनाई करते. आणि ते अप्रामाणिकपणे केल्यास कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सोळा-सतरा वर्षांच्या पोराला एकट्याने खोलीत बसून ही रेघ दिसेलच असे नाही. कारखान्यात शिकाऊ पोराच्या हाताला हत्यार लागते तेव्हा शेजारच्या यंत्रावर जुना कामगार उभा असतो. बोट कुठे घालू नये हे तोच सांगतो. या धंद्यातला तो जुना कामगार शोधणे, हे फी भरण्याच्या आधीचे काम.

तो सापडतो. 'नल' या नावाची एक मंडळी आपल्या देशात आहे. पुणे, मुंबई आणि इतर शहरांत तिच्या शाखा आहेत. बैठकांना फी नाही, पदवी कोणी विचारत नाही. नुकता शोधलेला दोष कोणी फळ्यावर उलगडून दाखवतो, नवे लोक प्रश्न विचारतात. याच मंडळींचा 'नलकॉन' हा मेळावा २०१० मध्ये प्रथम गोव्यात भरला. सरावासाठी मुद्दाम कच्च्या ठेवलेल्या यंत्रणा फुकट मिळतात, त्या घरच्या संगणकावर चढवून हव्या तितक्या फोडाव्यात. कोणाची तक्रार नाही. इंग्रजीची धास्ती बाळगू नये. मी स्वतः शब्दकोश मांडीवर घेऊन कायद्याची कलमे वाचायला शिकलो. संगणकाची इंग्रजी त्याहून सोपी असते, असे माझे मत आहे. क्लास वाईटच असतो असे मी म्हणत नाही. सहा महिने अशा बैठकांना जाऊन पोराचा नाद टिकला, तर मग काय शिकायचे उरले आहे ते त्यालाच कळेल, आणि तेवढ्यापुरती फी भरावी.

एका गोष्टीबद्दल मात्र पालकांना सावध करतो. दोष शोधून कळवला की कंपनीने बक्षीस द्यायचे, अशी पद्धत आहे. १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीने ती चालवली होती; आता ती जगभर पसरली आहे. लाखोंची बक्षिसे मिळवणाऱ्यांची नावे वर्तमानपत्रांत झळकतात. आमच्या भाषेत हे उक्ते काम. नग पसंत पडला तर पैसे. महिनाभर खपून काही हाती लागले नाही, किंवा तोच दोष दुसऱ्याने एक तास आधी कळवला, तर हात रिकामे. भविष्यनिर्वाह निधी नाही, रजा नाही, आजारपण स्वतःचे. हात बसावा म्हणून ते जरूर करावे, पण घराचा हप्ता त्यावर बेतू नये.

अशाच एका बैठकीला गेल्या वर्षी मी मागच्या बाकावर जाऊन बसलो. बँकेच्या संगणकातले भगदाड कसे ओळखावे हे एका तेवीस वर्षांच्या मुलीने मला इतके सोपे करून सांगितले की कचेरीत परतल्यावर मी ते दुसऱ्यांना सांगू शकलो. चहाच्या वेळी मी तिला विचारले, "बाई, रात्रपाळीचा भत्ता किती मिळतो?" तिला ठाऊक नव्हते. शेजारच्या चौघांना विचारले, त्यांनाही नव्हते. पुढच्या बैठकीत अर्धा तास त्यासाठी ठेवायचे असे ठरले, आणि नेमणूकपत्रे कशी वाचावीत हे सांगायला मला बोलावले आहे.