शेवटी तो बरा झाला का?
पडद्यावरचं वेड आणि घरातला आजार

गेल्या सत्रात आपल्या मंडळाने 'देवराई' दाखवला. चर्चा संपत आली होती, सगळ्यांना मेस बंद होण्याची काळजी होती, आणि मागच्या रांगेतून एकाने विचारलं, "पण शेवटी तो बरा झाला का?"

प्रश्न अगदी साधा होता. विचारणाऱ्याचा हेतूही चांगला होता. पण मला तो फार ओळखीचा वाटला, कारण माझ्या मामाबद्दल लोक मला गेली बारा वर्षं हेच विचारत आलेत. त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही, म्हणून हा लेख.

माझं घर टोंकखुर्दला. मध्य प्रदेशात, देवास जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. आजूबाजूला काळी जमीन आणि सोयाबीन. आम्ही घरात मराठी बोलतो, दाराबाहेर हिंदी आणि माळवी. मामा आमच्याकडेच राहतो आणि त्याला स्किझोफ्रेनिया आहे. मी नऊ वर्षांची असताना तो रेडिओ बंद करायला लागला, कारण निवेदक आपल्याबद्दलच बोलतो असं त्याला वाटायचं. मग आईच्या हातचं जेवणसुद्धा तो हुंगून बघू लागला. हे लिहू का, असं मी त्याला फोनवर विचारलं. म्हणाला, "लिही. नाव नको टाकू."

आता माझी चूक सांगते. सातवीत असताना शाळेच्या गॅदरिंगमध्ये आमचं एक विनोदी नाटुकलं होतं आणि त्यात मी वेडी झाले होते. मला कोणी काही शिकवावं लागलं नाही. केस मोकळे सोडायचे, डोळे फिरवायचे, उगाच खदाखदा हसायचं, मग डॉक्टर येऊन वायर लावणार आणि मी थरथरत पडणार. सगळं टीव्हीवरच्या सिनेमांतून पाठ होतं. खूप टाळ्या पडल्या. मामा आईशेजारी बसला होता. त्यानेही टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर मात्र विचारलं, "असं कोणी हसतं का गं?"

विचार करा, हा आजार माझ्या घरात होता. मी तो रोज बघत होते. तरी स्टेजवर उभं राहायची वेळ आली तेव्हा मी घरातला माणूस नाही, सिनेमातला माणूस उभा केला. सिनेमाची ताकद एवढी असते.

ठरलेले साचे

आपल्या चित्रपटांत मनोरुग्ण बहुतेक वेळा तीन-चार कामांसाठीच येतो. पहिलं काम हसवण्याचं. त्यावर वेगळं लिहायला नको.

दुसरं काम प्रेमाचं मोठेपण सिद्ध करण्याचं. असित सेन यांचा 'खामोशी' (१९६९) आठवा. प्रेमभंगाने मन बिघडलेल्या रुग्णाला बरं करण्यासाठी नर्सने प्रेमाचं नाटक करायचं, हा तिथला उपचार. वहिदा रेहमान यांनी ती नर्स अशी उभी केली आहे की शेवट बघवत नाही. दुसऱ्यांना सावरता सावरता ती स्वतःच कोसळते. चित्रपट म्हणून तो मला आवडतो. पण त्यातून पक्कं झालेलं गणित चुकीचं आहे: प्रेमभंगाने वेड लागतं आणि प्रेमाने ते जातं. माझ्या आजीने हे गणित इतकं मानलं होतं की मामाचं लग्न करून टाकू, सगळं ठीक होईल, असं तिचं दोन वर्षं चाललं होतं. ते लग्न झालं नाही, याबद्दल त्या अनोळखी मुलीच्या वतीने मी देवाचे आभार मानते.

तिसरं काम शिक्षेचं. 'दामिनी' (१९९३) मध्ये बलात्काराची साक्षीदार असलेल्या नायिकेला खोटी ठरवायचं असतं, म्हणून तिला मनोरुग्णालयात टाकलं जातं. म्हणजे प्रेक्षकाच्या मनात रुग्णालय ही तुरुंगापेक्षा भयंकर जागा. आमच्याकडे कोणी वेडंवाकडं बोललं की "आग्रा भेज दो" म्हणतात. पुण्यात त्यासाठी येरवडा आहे आणि मुंबईकरांना ठाणं. तिन्ही ठिकाणी खरीखुरी रुग्णालयं आहेत, माणसं तिथे उपचार घेतात. पण नाव घेतलं की हसू येतं किंवा भीती वाटते. अशा जागी आपला भाऊ घेऊन जायचं, तर आई आधी चार वर्षं का थांबली, हे मला आता कळतं.

चौथं काम रहस्य उलगडण्याचं. 'भूलभुलैया' (२००७) मध्ये भूत वाटत होतं तो आजार निघतो, ही एका अर्थी चांगलीच गोष्ट. पण तिथेही आजार हा शेवटचा धक्का असतो आणि एकाच जोरदार प्रसंगात तो संपतो. असा मानसोपचार आमच्या डॉक्टरांनी कधी केला नाही. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि पंधरा दिवसांनी परत बोलावलं.

शॉक आणि शब्द

दोन गैरसमज वेगळे घ्यायला हवेत, कारण ते सगळीकडे दिसतात.

एक, शॉक. सिनेमात रुग्णाला चार जण दाबून धरतात, तो किंचाळतो, अंगाला झटके बसतात. भारतात मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय हा उपचार करायला बंदी आहे. रुग्णाला साखळीने बांधायलाही त्याच कायद्याने बंदी आहे. नीट भूल देऊन केलेला हा उपचार तीव्र नैराश्यात आजही वापरला जातो आणि पुष्कळांना त्याचा उपयोग होतो. शिक्षा म्हणून शॉक देणं ही पटकथेची सोय आहे.

दोन, शब्द. स्किझोफ्रेनियाला मराठीत छिन्नमनस्कता म्हणतात. ग्रीक मुळातही 'दुभंगलेलं मन' असाच अर्थ आहे. त्यामुळे लोकांना वाटतं की एका देहात दोन माणसं राहतात, सकाळी एक आणि रात्री दुसरा. तसं नसतं. एकात अनेक व्यक्तिमत्त्वं हा वेगळा आणि दुर्मीळ विकार आहे. स्किझोफ्रेनियात कोणी बोलत नसताना आवाज ऐकू येतात, खोटे संशय पक्के होतात, विचारांची साखळी तुटते, आणि पुष्कळदा माणूस गप्प होऊन कोपऱ्यात बसतो. ही शेवटची गोष्ट सिनेमात जवळजवळ दिसतच नाही, कारण गप्प बसण्यात नाट्य नाही. आमच्या घरात मात्र सर्वांत जास्त काळ तीच होती.

तसंच 'चौकट राजा' (१९९१) मधला दिलीप प्रभावळकरांचा नंदू. त्याला लोक सरसकट 'वेडा' म्हणतात. पण लहानपणीच्या अपघातानंतर त्याची बौद्धिक वाढ थांबलेली आहे. तो मनोरुग्ण नाही. आपल्या भाषेत दोघांनाही एकच शब्द आहे. शिवाय मराठीत 'वेड' हा लाडाचाही शब्द. २०२२ मध्ये 'वेड' नावाचा चित्रपट आला तो प्रेमकथेचा होता, आणि कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. मलाही नाही. फक्त तोच शब्द मामाच्या पाठीमागे गल्लीतली पोरं ओरडतात तेव्हा त्यात लाड नसतो.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर

मराठीत या बाबतीत मोठं काम या दोघांनी केलं. सुमित्राताई मूळच्या समाजकार्याच्या क्षेत्रातल्या. २०२१ मध्ये त्या गेल्या. 'देवराई' (२००४) मध्ये अतुल कुलकर्णींचा शेष हा स्किझोफ्रेनियाचा रुग्ण आहे आणि सोनाली कुलकर्णी त्याची बहीण. या चित्रपटामागे उभे राहिलेले डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडातल्या कॅलगरीत प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला हाच आजार होता, आणि पुण्यातल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या कामात त्यांचा पुढाकार होता. म्हणजे हा विषय कोणाच्या तरी घरातून पडद्यावर आला. ते जाणवतं. कॅमेरा शेषकडे जितका बघतो तितकाच बहिणीच्या थकव्याकडे बघतो. तो सिनेमा बघताना मला सारखी आईच दिसत होती.

'अस्तु' मध्ये डॉ. मोहन आगाशे यांनी स्मृतिभ्रंश झालेले संस्कृत पंडित चक्रपाणी शास्त्री साकारले. ते रस्त्यावरच्या हत्तीमागे चालत जातात आणि हरवतात. माहुताची बायको त्यांना लेकरासारखं सांभाळते. या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आगाशे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहेत, हेही लक्षात ठेवण्यासारखं. 'कासव' ला २०१७ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. त्यात नैराश्याने खचलेल्या तरुणाला जानकी आपल्या घरी ठेवते, आणि ती स्वतःही त्याच वाटेवरून गेलेली आहे. ती त्याला प्रश्न विचारत नाही, घाई करत नाही. कासव मान बाहेर काढेपर्यंत थांबावं लागतं, एवढंच.

एक तक्रार माझीही आहे. 'कासव' मध्ये समुद्र आहे, ऐसपैस घर आहे, हाताशी वेळ आहे. टोंकखुर्दहून डॉक्टरकडे जायचं म्हणजे आधी देवास, मग इंदूर, आईची एक सुट्टी आणि मामाच्या मनधरणीची आदली रात्र. बंगळुरूच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. आमचं मध्य प्रदेश त्यात होतं. दर शंभर प्रौढांत दहाहून थोडे अधिक लोक कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने त्रस्त आढळले, आणि त्यांतल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोचलेले नव्हते. त्या बसप्रवासाचा सिनेमा अजून कोणी केलेला नाही. आपल्या मंडळात पटकथा लिहिणारे आहेत, म्हणून सांगून ठेवते.

बघताना काय विचारायचं

पुढच्या वेळी पडद्यावर असा माणूस दिसला की मी स्वतःला चार गोष्टी विचारते. तुम्हीही विचारून बघा. या माणसाला आजाराव्यतिरिक्त काही आहे का: काम, आवड, चिडचिड, विनोद? त्याच्या घरचे लोक दिसतात का? औषध घेताना तो एकदा तरी दिसतो का? आणि खून किंवा मारामारी दाखवायचीच होती, तर त्यासाठी आजारच का लागला? प्रत्यक्षात असे रुग्ण इतरांना इजा करण्यापेक्षा इतरांकडून इजा होण्याचीच शक्यता जास्त असते.

आता मागच्या रांगेतल्या मित्राचा प्रश्न. शेवटी तो बरा झाला का?

सिनेमाला अडीच तासांत शेवट लागतो. मामाच्या आजाराला तसा शेवट नाही. मधुमेहासारखं आहे ते. गोळ्या चालू, डॉक्टर चालू. मधे दोनदा त्याने गोळ्या सोडल्या आणि दोन्ही वेळा घर हललं. आवाज अजून कधीकधी येतात, पण ते खरे नाहीत हे त्याचं त्याला ओळखता येतं. सकाळी तो आजीला चहा करून देतो, दुपारी ओळखीच्या किराणा दुकानात हिशेब लिहितो, रविवारी आमच्याबरोबर मिस्साला येतो आणि मागच्या बाकावर बसतो. रेडिओ आता पुन्हा लागतो, आवाज थोडा कमी ठेवून.

याला 'बरा झाला' म्हणायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. आम्ही घरी म्हणतो, बरा आहे.

(स्वतःसाठी किंवा जवळच्या कोणासाठी बोलायचं असेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ मोफत आणि चोवीस तास चालू असते. मराठीतही बोलता येतं.)