पुलावर थंड, पुलाखाली गरम

लालबागच्या उड्डाणपुलावरून एक जुनी मारुती ओम्नी निघाली आहे. मे महिन्यातली दुपार, मागे मिरच्यांची पोती, आणि टेम्परेचरचा काटा मधल्या रेषेच्या जरा खालीच, निवांत. आता हीच गाडी पुलाखालच्या रस्त्याला घाला. भारतमाता टॉकीजपाशी रांग लागलेली आहे. ओम्नी वीस फूट सरकते, थांबते, पुन्हा सरकते, आणि दहा-बारा मिनिटांत काटा लाल पट्ट्याकडे चढायला लागतो. इंजिन तेच, पाणी तेच, आणि ऊन तर पुलाखाली कमीच. वर इंजिन जास्त राबत होतं, खाली ते नुसतं घुरघुरतंय. तरी तापलं ते खालीच.

आजाराचं निम्मं निदान एवढ्यावर होतं, पाना हातात न घेता. पळताना तापते आणि उभी राहिली की ठीक असते, अशी तक्रार असेल तर रेडिएटर चोंदला असेल किंवा पाणी नीट फिरत नसेल. कुठेही तापत असेल आणि पाणीही कमी होत असेल, तर हेड गॅस्केटची भीती. पण पळताना निवते आणि कोंडीत तापते, तर बोट थेट पंख्याकडे दाखवावं. पुलावर वारा फुकट मिळतो. पुलाखाली तो पंख्यालाच आणावा लागतो.

उभ्या गाडीला एवढा वारा लागतो कशाला? ओम्नीचं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं, मारुती ८०० मध्ये होतं त्याच घराण्यातलं. ही गाडी १९८४ मध्ये ‘मारुती व्हॅन’ म्हणून आली आणि २०१९ पर्यंत बनत राहिली. इंजिन पुढच्या सीटखाली. त्या सीटवर बसून दादर ते गिरगाव गेलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. असं इंजिन नुसतं चालू ठेवलं तर ढोबळमानानं तासाला अर्धा लिटर पेट्रोल पितं. लिटरभर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाजूल ऊर्जा, म्हणजे उभ्या गाडीतही जवळजवळ साडेचार किलोवॅटची आग पेटलेली असते. त्यातला बराच भाग धुराबरोबर सायलेन्सरमधून निघून जातो, आणि दीड किलोवॅटच्या आसपास पाण्यावर येऊन पडतो. बाथरूममधला गीझर सतत चालू ठेवावा आणि नळ मात्र उघडू नये, तशी ही स्थिती.

इंजिनचं लोखंड, ॲल्युमिनियम आणि आतलं पाणी यांच्या वजनाचा हिशेब मांडला तर वाऱ्याशिवाय तापमान मिनिटाला दीड-दोन अंशांनी चढतं. सिग्नलला दोन मिनिटं थांबलात तर तीन-चार अंश; त्यानं काही बिघडत नाही. दहा मिनिटांचा खोळंबा मात्र ९० चे ११० करू शकतो. ११० ला पाणी उकळत कसं नाही? रेडिएटरच्या झाकणातली स्प्रिंग आत दाब धरून ठेवते. झाकणावर बहुधा ०.९ असा आकडा छापलेला असतो. बाहेरच्या हवेपेक्षा तेवढा जादा दाब असेल तर पाण्याचा उत्कलनबिंदू ११८ अंशांच्या घरात जातो. म्हणूनच गाडी तापल्यावर झाकणाला हात लावायचा नाही. झाकण फिरलं की दाब उतरतो आणि ११० अंशांचं पाणी त्याच क्षणी उकळून अंगावर येतं. सीट उचलून हवा लागू द्यावी आणि चांगला अर्धा-पाऊण तास थांबावं. मागचे हॉर्न वाजवोत.

या दुखण्याचा विचार फार जुना आहे. १९०१ च्या मर्सिडीज ३५ एचपी गाडीसाठी विल्हेल्म मायबाखनं मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. ८,०७० चौकोनी नळ्या एकमेकींना जोडून केलेला तो ठोकळा. नळ्यांतून वारा जायचा, नळ्यांमधल्या फटींतून पाणी. आणि रेडिएटरच्या मागे त्यानं एक पंखाही बसवला, कारण गाडी सावकाश चालली की वारा पुरत नाही हे त्याला दिसलं होतं. लालबाग त्यानं पाहिलेलं नव्हतं, एवढंच.

पुढे कित्येक दशकं हा पंखा इंजिनच्याच बेल्टवर फिरत राहिला. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनीत तो तसाच होता. त्यात एक खोट आहे: गाडी उभी राहिली की इंजिन मंद, म्हणून पंखाही मंद. गरज सर्वांत जास्त तेव्हा वारा सर्वांत कमी. टॅक्सीवाले सिग्नलला न्यूट्रलमध्ये ॲक्सिलरेटर देत बसायचे, त्यामागे हेही एक कारण. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि २० वर्षांची मुदत भरल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली.

ओम्नीतला पंखा विजेचा. इंजिन कितीही मंद असो, हा आपल्या पूर्ण वेगानं फिरतो. साधारण १०० वॅटची मोटर, म्हणजे एका जुन्या बल्बाएवढी वीज, आणि ती दीड किलोवॅट उष्णता बाहेर हाकलते. मला हे प्रमाण अजूनही पटता पटत नाही. पण पंखा उष्णता ‘काढत’ नाहीच, तो फक्त तापलेली हवा हटवून तिथे ताजी हवा आणतो; उरलेलं काम तापमानातला फरक करतो. अनंत चतुर्दशीला लालबागहून गिरगाव चौपाटीकडे मिरवणुकांच्या मागे-पुढे सरकणाऱ्या गाड्यांचा वेग पाहा. लालबागच्या राजाला चौपाटी गाठायला वीस-वीस तास लागतात. त्या चालीवर समोरून येणारा वारा जवळपास शून्य. दिवसभर आणि रात्रभर सगळा भार त्या १०० वॅटवर.

आता तोच फिरत नसेल तर दोष शोधायचा कुठे? बॅटरीपासून पंख्यापर्यंत वाट छोटी आहे: फ्यूज, थर्मोस्विच, काही गाड्यांत मध्ये रिले, मग मोटर, आणि शेवटी अर्थ, म्हणजे गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत. आधी चावी बंद करून, बॅटरीची तार काढून पाती बोटानं फिरवून बघावीत. अडकत असतील तर बुश गेला. मग फ्यूज; तो नुसता पाहू नये, काढून तपासावा, कारण केसाएवढी चीर डोळ्यांना चकवते.

त्यानंतर थर्मोस्विच, आणि हा माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत देखणा भाग. पितळेची बोटभर डबी, पाण्याच्या वाटेवर आट्यांनी बसवलेली. आत दोन वेगवेगळे धातू एकमेकांना चिकटवलेली चकती. तापल्यावर एक धातू जास्त पसरतो, दुसरा कमी, आणि ठरलेल्या तापमानाला चकती टक्‌कन उलटी होते. संपर्क जुळतो, पंखा सुरू. दोन धातू जोडायची ही युक्ती अठराव्या शतकात जॉन हॅरिसननं आपल्या तिसऱ्या सागरी घड्याळासाठी काढली, उकाड्यात आणि थंडीत वेळ चुकू नये म्हणून. जहाजांना रेखांश शोधून देण्यासाठी घडवलेली गोष्ट आज परळच्या गॅरेजमध्ये शंभर-दोनशे रुपयांच्या सुट्या भागात बसलेली आहे. चकती साधारण ९५ ला उलटते, पण परत फिरते ती ९० च्या आसपास आल्यावर. हे अंतर मुद्दाम ठेवलेलं असतं, नाहीतर पंखा दर दोन सेकंदांनी चालू-बंद होत राहील.

तपासणी सोपी. स्विचचा कपलर काढायचा, त्यातल्या दोन तारा वायरच्या तुकड्यानं जोडायच्या, चावी चालू करायची. पंखा फिरला तर स्विच बाद. एकच तार असेल तर ती पत्र्याला टेकवायची. इंजेक्शनवाल्या नंतरच्या ओम्नीत हा निर्णय कॉम्प्युटर घेतो, तिथे जोडाजोडी न करता रिलेपासून सुरुवात करावी. एक फसवणूक मात्र लक्षात ठेवावी: पाणी कमी झालं असेल किंवा आत हवा अडकली असेल तर स्विचभोवती पाणीच नसतं. इंजिन भाजून निघतं आणि स्विच हवेत थंड बसून राहतो. स्विच निर्दोष, पंखा निर्दोष, तरी गाडी गरम. म्हणून सगळ्याआधी, इंजिन थंड असताना, पाण्याची पातळी. आणि भरायचं ते कूलंट. बोअरवेलच्या खारट पाण्यानं आत क्षार धरतात.

जोडूनही पंखा हलला नाही तर बॅटरीवरून थेट दोन तारा मोटरला द्याव्यात. तरीही गप्प असेल तर मोटरवर हलकी टपली. टपलीनं फिरायला लागली तर आतले कार्बन झिजून आखूड झाले आहेत, इतकंच. कार्बन बदलून देणारे कारागीर अजून आहेत, आणि अख्खी मोटर हवी असेल तर ऑपेरा हाउसच्या आसपास स्पेअर पार्ट्सची दुकानं आहेत.

थेट दिल्यावर मोटर मस्त फिरते, मीटर कपलरमध्ये १२ व्होल्ट दाखवतो, आणि तरीही कपलर लावला की पंखा ढिम्म. इथे भलेभले गोंधळतात. जुने वायरिंगवाले अशा वेळी पोऱ्याला सांगतात, “मीटर ठेव बाजूला, बल्ब आण.” त्या एका वाक्यात ओहमचा नियम आहे. डिजिटल मीटर जवळजवळ वीज ओढतच नाही. समुद्राच्या हवेनं गंजलेल्या सांध्यातून, शेवटच्या एका धाग्यातूनही, मीटरला पुरेल एवढी वीज येते आणि तो इमानानं १२ म्हणतो. पण पंख्याला आठ-दहा अँपिअर लागतात. गंजाचा अडथळा फक्त एक ओहम असला, तरी त्या प्रवाहाला आठ-दहा व्होल्ट त्या सांध्यातच खर्च व्हावे लागतील. मोटरच्या वाट्याला उरतं काय? हेडलाइटचा जुना बल्ब चार-पाच अँपिअर ओढतो, म्हणून तो मिणमिणतो आणि खरं सांगतो. बल्बची एक तार बॅटरीच्या प्लसला, दुसरी पंख्याच्या अर्थला लावा. मिणमिणला की पत्र्यावरचा तो गंजका नट सोडवा, पॉलिश पेपरनं घासा, घट्ट आवळा. हिंदमाताच्या पाण्यातून पावसाळे काढलेल्या गाड्यांत मी आधी तोच नट बघेन.

बऱ्याच ठिकाणी एवढं कुणी करत नाही. पंखा ‘डायरेक्ट’ करून देतात: डॅशबोर्डवर एक बटण, त्यातून सरळ बॅटरी. रात्री घरी पोहोचायचं असेल तर उत्तम उपाय. कायमचा म्हणून वाईट, कारण घरगुती बटण हा प्रवाह फार दिवस झेलत नाही, मध्ये फ्यूज नसतो, आणि बटण बंद करायला विसरलं की सकाळी बॅटरी बसलेली.

मोटर बदलली असेल तर आणखी एक गोष्ट. डीसी मोटरच्या दोन तारा उलट लागल्या तर ती उलटी फिरते, आवाज तोच, जोमही तोच. वारा मात्र उलट दिशेनं, समोरून येणाऱ्या वाऱ्याशी भांडत. मग गाडी पुलावरही तापते आणि सगळं निदानच चुकतं. पेटलेली उदबत्ती रेडिएटरच्या तोंडाशी, पेट्रोलच्या वाटेपासून लांब धरावी. धूर आत ओढला जायला हवा.

शेवटी इंजिन उभ्या उभ्या चालू ठेवावं आणि पंखा दोनदा सुरू होऊन दोनदा बंद होईपर्यंत सीट खाली टाकू नये. एकदा सुरू झाला म्हणजे स्विच जुळला, एवढंच कळतं. बंद झाला म्हणजे वारा खरोखर पुरतोय. सुरू झाला आणि बंदच होत नसेल, तर पंखा सोडून रेडिएटरच्या फिन्स पाहाव्यात. दोनांतल्या एका गाडीत तिथे धूळ, किडे आणि प्लॅस्टिकची एखादी पिशवी सापडतेच.