पहिला पर्याय

खामगावात तहसीलच्या रस्त्याला ऑनलाइनचं एक दुकान आहे. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक झेरॉक्स आणि भिंतीला टेकवलेलं बाकडं. मी सातबारा काढायला आलोय. पाऊण तास झाला, बाकड्यावरच बसलोय. आज माझ्या सातबाऱ्याला इथं कुणी विचारत नाही, कारण इंजिनिअरिंगच्या पहिल्या फेरीची यादी लागलीय.

ऑगस्ट २०२५ नुकताच लागलाय. गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतून, खामगावावरून शेगावला पोचून फार दिवस झालेले नाहीत. वारकऱ्यांना वाटलेल्या चहाचे कागदी कप रस्त्याच्या कडेला अजून भिजून पडलेत. बाहेर श्रावणाची रिपरिप. आत ओल्या छत्र्या, चिखलाच्या चपला आणि प्रत्येकाच्या मांडीवर एक पिशवी. पिशवीत कागद. बियाण्याची पावती आमच्याकडे माणूस खिशात चुरगाळून ठेवतो. पोरांचे कागद मात्र आधी प्लास्टिकमध्ये, मग फडक्यात, मग पिशवीत.

माझ्या शेजारच्या बाईंनी असंच एक फडकं सोडलंय. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, डोमिसाइल, जातीचा दाखला, जात वैधता. एकेक कागद मांडीवर चापून चोपून ठेवतात. वैधतेवर बोट ठेवून मला म्हणतात, "याच्यापायी तीनदा बुलढाण्याले गेलो, भाऊ." म्हणजे घाटाखालून घाटावर, बोथ्याच्या जंगलातला रस्ता. बाईंना एसटीत अर्धं तिकीट आहे, २०२३ पासून. सोबतच्या पोराला पूर्ण. आणि प्रत्येक खेपेला दोघांचा रोज बुडाला, तो कुठल्याच पावतीत येत नाही.

खुर्चीवर एक बापलेक बसलेत. बाप पन्नाशीचा, पांढरा सदरा, गुडघ्यापर्यंत चिखल उडालेला, सकाळी शेतात जाऊन आलेला दिसतो. पोरगी निळ्या ओढणीत, हातात मोबाइल, स्क्रीनला कोपऱ्यातून तडा गेलेला. दुकानदार पोरगा पंचविशीचा असेल. तो पासवर्ड टाकतो, चक्र फिरतं, फिरतच राहतं.

"सर्व्हर," तो म्हणतो. सगळं दुकान मान हलवतं. हा शब्द आता आजीबाईंनाही कळतो.

तेवढ्या वेळात पलीकडचे एक गृहस्थ विचारतात, "पोरीले फी माफ हाय म्हणते, खरं हाय का?"

खरं आहे. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे. ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएसच्या मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, कॅपमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यावर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. त्याआधी निम्मंच होतं. त्या गृहस्थांना एकुलता मुलगा आहे, त्याला अजून निम्मंच. ते हिशेब करतात, मुलाकडे बघतात आणि म्हणतात, "पोरगी पायजे होती राजेहो!" दुकान हसतं. मुलगाही हसतो, जरा उशिरा. ज्या भागात पोरगी झाली की पेढ्यांऐवजी सुस्कारे निघायचे, तिथं हे वाक्य ऐकायला मिळावं, याची मला गंमत वाटते. पण बघता बघता "फी माफ"चा अर्थ लोकांनी "शिक्षण फुकट" असा लावलाय. खोली, डबा, अनामत, लॅपटॉप, पुस्तकं, गाडीभाडं यांतलं काही त्या माफीत बसत नाही. त्यासाठी निर्वाह भत्त्याच्या योजना आहेत, एक पंजाबराव देशमुखांच्या नावाची, एक सावित्रीबाईंच्या. पैसे खात्यात मागाहून जमा होतात. डबेवाला महिना आगाऊ घेतो.

हे त्या बापाला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. त्याने सदऱ्याच्या खिशातून लग्नपत्रिका काढलीय आणि ती मागच्या कोऱ्या बाजूने मांडीवर धरलीय. पेनाने, मोठ्या अक्षरात लिहिलंय: पुणे. खाली, कॉट ३,५००. डबा ३,०००. वरखर्च १,०००. बेरीज ७,५००. गुणिले १०. आणि ७५,००० च्या खाली दोन रेघा. त्याच्याही खाली लिहिलंय: सोयाबीन १४ क्विं.

मी बघतोय हे पाहून तो पत्रिका माझ्याकडे थोडी वळवतो. "हमीभाव भेटला तर," तो म्हणतो. यंदाचा हमीभाव ५,३२८ रुपये. चौदा क्विंटलचे होतात ७४,५९२. वर चारशे रुपये खिशातून. "एकरी सात धरा. दोन एकर सरळ पुण्याले." वावर किती आहे? "तीन." मग घाईने सांगतो, "पण जमते. बोकड इकले दोन. पुण्याचंच कॉलेज पायजे, भाऊ. साऱ्या गावाले सांगून बसलो."

पोरगी मोबाइलच्या तड्यावरून अंगठा फिरवतेय.

मागच्या कोपऱ्यात आणखी एक पोरगा भिंतीला पाठ लावून उभा आहे. त्याची मेडिकलची नीट परीक्षा दुसऱ्यांदा झाली. दोन वर्षं अकोल्याला क्लास, तिथंच खोली. त्याची आईच बोलते, तो नाही. जिल्ह्याला आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे, बुलढाण्यात, २०२४ पासून, १०० जागांचं. त्यामुळे उलट गोत्यात आल्यासारखं झालंय. "घराजवळ कॉलेज आलं, आता तरी लागन ना?" असं येणारा-जाणारा विचारतो, असं आई सांगते. त्यातल्या जागा साऱ्या राज्याच्या पोरांना खुल्या, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला कोण सांगणार. पोरगा कानातला इअरफोन काढत नाही. त्यात गाणं चालू आहे असं मला वाटत नाही.

चक्र थांबतं. पान उघडतं.

"लागला, काका. नंबर लागला," दुकानदार म्हणतो, आणि पुढे वाकून नीट वाचतो. "शेगाव."

बाप खुर्चीत सावरून बसतो. "शेगाव कसं? पुणं होतं ना पयलं."

"पहिला पर्याय शेगाव दिसतो. ऑटो फ्रीज झालं." आणि मग तो समजावून सांगतो, आज विसाव्यांदा सांगत असेल. नियमच आहे. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला की जागा पक्की. पुढच्या फेरीत बेटरमेंटला, म्हणजे आणखी चांगल्या जागेसाठी, जाता येत नाही.

"आपण त्या दिवशी पुणं टाकलं होतं, बावा. तूच टाकलं."

"मी टाकलं, काका. पण कन्फर्म घरून केलं ना, मोबाइलवरून." तो पोरीकडे बघत नाही. मीही. अशा वेळी प्रिंटरकडे बघायचं असतं.

"इतल्या पर्सेंटाइलवर पुण्याचंही लागलं असतं?" बाप विचारतो.

"लागलं असतं बहुतेक."

शेगावच्या कॉलेजात वाईट काही नाही. १९८३ पासूनचं कॉलेज आहे, दूरदूरची पोरं तिथं यायला धडपडतात. पण बापाच्या पत्रिकेवर ते नव्हतं. तो पत्रिका उलटी करतो, सुलटी करतो. पुढच्या बाजूला गणपती आणि कुणाचा तरी चि. सौ. कां.

"काऊन केलं असं?" आवाज चढलेला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"येऊनजाऊन होते, बाबा."

"मी पैशाचं म्हटलं का तुले काही?"

"नाही."

"मंग?"

ती पत्रिकेकडे बघते. "तुमी ते चौदा क्विंटलचं लिहिलं होतं ना. देवळीत ठेवली होती."

दुकानात झेरॉक्स मशीनचा आवाज तेवढा चालू आहे. शेजारच्या बाई फडक्याची गाठ परत मारतात, सोडतात, परत मारतात.

"सीट अ‍ॅक्सेप्टन्सचे हजार भरावे लागतीन, काका," दुकानदार हळूच म्हणतो. "मग कॉलेजात जाऊन रिपोर्टिंग. मुदतीत. फोनपे हाय का?"

बाप पिशवीत हात घालतो. कागदांच्या खाली आणखी एक प्लास्टिकची थैली आहे, रबर लावलेली. पाचशेच्या नोटा. पुण्याच्या. तो रबर काढतो, मनगटात घालतो, दोन नोटा मोजतो, परत मोजतो. दोनच नोटा दोनदा. दुकानदार स्वतःच्या मोबाइलवरून भरतो, पावतीची प्रत काढतो. पोरगी ती हातात घेते, नाव, आडनाव, शाखा, सगळं बोटाखाली धरून तपासते. इथं एक स्पेलिंग चुकलं की परत खेटे.

"कॉलेजचा पास निघते ना एसटीचा?" बाप विचारतो. कुणाला, ते कळत नाही.

"निघते," दुकानदार म्हणतो. "तिसऱ्या हिश्शात होते."

"गावातून खामगाव, अन् खामगावातून शेगाव. दोन गाड्या." तो रबर परत थैलीला लावतोय, ते एकदा सुटतं, बाकड्याखाली जातं. मी वाकून उचलून देतो. "सकाळची पयली गाडी किती वाजता हाय, कोणाले माहीत हाय का?"

"सहा चाळीस," पोरगी म्हणते.